लंडनची सुट्टी : नाटक, खाणे आणि बाजार

लंडनच्या भुयारी रेल्वेवरील लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांमधील अंतर अवघे पाव किलोमीटर आहे. त्या संपूर्ण जाळ्यातील दोन स्थानकांमधले हे सर्वांत कमी अंतर. तरीही नवखा प्रवासी एवढ्यासाठी पूर्ण भाडे मोजून गाडीत बसतो आणि पायी पाच मिनिटांत जे दिसले असते ते गमावतो. याच दोन स्थानकांच्या आसपास, शाफ्ट्सबरी अव्हेन्यूपासून स्ट्रँडपर्यंतच्या पट्ट्यात, सुमारे चाळीस नाट्यगृहांची वस्ती पसरली आहे. 'वेस्ट एंड' या नावाने ती जगभर ओळखली जाते. परदेशातील एखाद्या शहरात चार-पाच दिवसांची सुट्टी घालवायची, संध्याकाळी नाटक पाहायचे, दिवसा बाजार हिंडायचा आणि मधल्या वेळात तिथले खाणे चाखायचे, असा बेत असेल तर लंडनइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल, कारण या तिन्ही गोष्टी तिथे एकमेकींच्या चालत्या अंतरावर आहेत.

गोमंतकीयांना हे शहर अनोळखी नाही. साउथॉल, हेज, वेम्बली आणि लंडनपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावरचे स्विंडन येथे गोव्यातील अनेक कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यामुळे इथून जाणाऱ्या अनेकांचा मुक्कामाचा खर्च वाचतो. मात्र पाउंड शंभर रुपयांच्या वर असताना बाकीचा खर्च नियोजनाशिवाय आवरत नाही. भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांना पर्यटक व्हिसा आधी काढावा लागतो. पोर्तुगीज पारपत्र असलेल्यांना पूर्वी काहीच लागत नसे. २ एप्रिल २०२५ पासून मात्र त्यांनाही निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-अनुमती घ्यावी लागते. विमानतळावर पोहोचल्यावर हे लक्षात आल्यास सुट्टी तिथेच अडते.

नाट्यवस्तीचा पूर्वेतिहास

लंडनमध्ये केवळ नाटकासाठी म्हणून उभारलेल्या आरंभीच्या वास्तूंपैकी महत्त्वाची वास्तू जेम्स बर्बेज याने १५७६ मध्ये शोरडिच येथे बांधली. ती शहराच्या हद्दीबाहेर होती, कारण शहराच्या कारभाऱ्यांना नाटकवाले नकोसे होते. पुढे तिचेच लाकूड थेम्स नदीपलीकडे नेऊन १५९९ मध्ये शेक्सपिअरच्या मंडळीने 'ग्लोब' उभे केले. १६१३ मध्ये प्रयोग चालू असताना तोफेच्या ठिणगीने त्याचे गवती छप्पर पेटले आणि नाट्यगृह भस्मसात झाले. ते पुन्हा बांधले गेले. पण १६४२ मध्ये प्युरिटन विचाराच्या पार्लमेंटने नाटकेच बंद केली. ही बंदी अठरा वर्षे टिकली.

१६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि त्याने थॉमस किलिग्रू व विल्यम डॅव्हेनंट या दोघांना नाटक करण्याचे परवाने दिले. याच काळात स्त्रिया इंग्रजी व्यावसायिक रंगभूमीवर उभ्या राहिल्या. या राजाशी विवाह झालेली ब्रागांझाची कॅथरीन ही पोर्तुगालची राजकन्या. ब्रागांझा हे नाव गोव्याला नवे नाही, आणि तिच्या विवाहकरारातूनच मुंबई इंग्रजांकडे गेली. दरबारात चहाची गोडी तिने लावली असे सांगितले जाते. थोडक्यात, लंडनकर आज ज्या दोन गोष्टींचा अभिमान मिरवतात, त्यांच्या मुळाशी एकाच राजघराण्याचा संसार आहे.

किलिग्रूच्या परवान्यावर १६६३ मध्ये सुरू झालेल्या ड्रुरी लेन येथील नाट्यगृहाच्या जागी आज उभी असलेली वास्तू १८१२ ची आहे. १८८१ मध्ये स्ट्रँडवर उघडलेले 'सॅव्हॉय' ही संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलेली जगातील पहिली सार्वजनिक वास्तू मानली जाते. १८८६ मध्ये जुन्या, दाटीवाटीच्या वस्त्या पाडून शाफ्ट्सबरी अव्हेन्यू हा रस्ता काढण्यात आला आणि पुढच्या काही दशकांत त्याच्या कडेने एकामागून एक नाट्यगृहे उभी राहिली. आजचा प्रेक्षक बहुतांशी त्याच काळात बांधलेल्या खुर्च्यांच्या रांगांत बसतो. हे वाक्य शब्दशः घ्यावे. त्याचे परिणाम गुडघ्यांना जाणवतात.

एक गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी. इंग्लंडमध्ये १७३७ च्या कायद्याने प्रत्येक नव्या नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी लागे. ही पद्धत १९६८ च्या सप्टेंबरमध्ये संपली आणि दुसऱ्याच दिवशी शाफ्ट्सबरी थिएटरमध्ये 'हेअर' ही तोवर अशक्य ठरलेली संगीतिका रंगमंचावर आली. ज्या राजवटीने खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी घातली, ती आपल्या घरच्या नाटककारांनाही मोकळे सोडत नव्हती. महाराष्ट्रात प्रयोगपूर्व परीक्षणाची पद्धत आजही आहे. लंडनमध्ये ती इतिहासजमा झाली.

कोणते नाटक पाहावे

लंडनमध्ये नाटकाचे तीन ढोबळ प्रकार दिसतात. पहिला दीर्घकाळ चालणाऱ्या संगीतिकांचा. 'ले मिझराब्ल' १९८५ पासून, 'द फँटम ऑफ द ऑपेरा' १९८६ पासून आणि 'द लायन किंग' १९९९ पासून लंडनमध्ये आहे. भाषेची अडचण वाटणाऱ्यांना, मुलांना आणि ज्येष्ठांना हा प्रकार सोपा जातो, कारण गाणी, देखावे आणि यंत्रकरामती कथा पुढे नेतात. संगीत नाटकाच्या परंपरेत वाढलेल्या गोमंतकीय कानाला मात्र एक फरक लगेच जाणवेल. तिथे 'वन्स मोअर' नाही. पद कितीही रंगले तरी वाद्यवृंद ठरलेल्या मात्रेवर पुढे सरकतो.

दुसरा प्रकार गद्य नाटकांचा. अगाथा ख्रिस्ती यांचे 'द माउसट्रॅप' २५ नोव्हेंबर १९५२ रोजी अँबॅसडर्स थिएटरमध्ये सुरू झाले, १९७४ मध्ये शेजारच्या सेंट मार्टिन्समध्ये गेले आणि कोरोनाकाळातील खंड वगळता अखंड चालू आहे. खुनी कोण हे बाहेर सांगू नये, अशी विनंती प्रयोगाअखेर प्रेक्षकांना केली जाते. नाटक म्हणून ते आज जुनाट वाटते, हे खरे. पण एकाच संहितेने सात दशके ओलांडलेली पाहण्याचे कुतूहल म्हणून एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही.

तिसरा प्रकार अनुदानित संस्थांचा, आणि नाटकाची खरी आवड असलेल्याने तिकडेच आधी वळावे. नॅशनल थिएटरची मंडळी १९६३ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. थेम्सच्या दक्षिण काठावरील डेनिस लॅस्डन यांनी रचलेल्या काँक्रीटच्या वास्तूत ती १९७६ पासून आहे. तिथे तीन प्रेक्षागृहे आहेत. नाटक पाहायचे नसले तरी दिवसा आत जाता येते, बसता येते, पुस्तकांचे दुकान पाहता येते. स्लोन स्क्वेअर येथील रॉयल कोर्टमध्ये जॉन ऑस्बोर्न यांचे 'लुक बॅक इन अँगर' १९५६ मध्ये आले आणि इंग्रजी नाटकाचा सूर बदलला. नवे नाटककार हा आजही त्या संस्थेचा ध्यास आहे.

ग्लोबचे प्रकरण वेगळे. अमेरिकन नट सॅम वॉनामेकर यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीतून मूळ जागेजवळच त्याची प्रतिकृती उभी राहिली आणि १९९७ मध्ये ती प्रेक्षकांना खुली झाली. १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनमध्ये गवती छपराला परवानगी मिळालेली ही पहिली वास्तू. मधल्या उघड्या चौकात सुमारे सातशे प्रेक्षक उभे राहून नाटक पाहतात आणि त्याचे तिकीट पाच ते दहा पाउंडांच्या घरात असते. पाऊस आला तरी प्रयोग थांबत नाही. छत्री उघडायला मनाई, प्रयोग चालू असताना खाली बसायलाही मनाई. तीन तास पायांवर उभे राहण्याची तयारी असेल तर शेक्सपिअर इतक्या जवळून आणि इतक्या स्वस्तात अन्यत्र मिळणार नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव'. ही रूपांतरे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना भाषेचा अडसर निम्म्याने कमी भासेल. उघड्या चौकातले प्रयोग साधारणपणे उन्हाळ्याच्या हंगामातच होतात. हिवाळ्यात त्याच आवारातील, २०१४ मध्ये उघडलेल्या लहानशा बंदिस्त नाट्यगृहात मेणबत्त्यांच्या उजेडात प्रयोग होतात.

इंग्रजी चांगले येत असूनही झपाट्याने बोलले जाणारे संवाद निसटतात, अशी तक्रार अनेक भारतीय प्रेक्षक करतात. त्यावर एक उपाय सहसा कोणी सांगत नाही. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी बहुतेक मोठ्या नाटकांचे काही ठरावीक प्रयोग 'कॅप्शन्ड' असतात; संवाद रंगमंचाजवळच्या पडद्यावर उमटत जातात. अशा प्रयोगाच्या तारखा नाट्यगृहाच्या संकेतस्थळावर असतात आणि तिकीट कोणालाही काढता येते.

तिकीट, खुर्ची आणि वेळ

संगीतिकेच्या चांगल्या जागेचे तिकीट शंभर पाउंडांच्या वर सहज जाते. चौघांच्या कुटुंबाने ते मुकाट्याने काढले तर विमानभाड्यानंतरचा सर्वांत मोठा खर्च तोच ठरतो. तो टाळण्याचे मार्ग आहेत. लेस्टर स्क्वेअरच्या बागेलगत नाट्यगृहांच्या संघटनेची अधिकृत खिडकी १९८० पासून आहे. त्या दिवसाची व पुढच्या काही दिवसांची सवलतीची तिकिटे तिथे मिळतात. तिच्या आजूबाजूला 'निम्म्या दरात' असे फलक लावलेली खासगी दुकानेही आहेत. तिथे पैसे देण्यापूर्वी तिकिटावरील मूळ किंमत तपासून घ्यावी. नॅशनल थिएटर दर शुक्रवारी पुढच्या आठवड्यातील प्रयोगांची काही तिकिटे दहा पाउंडांत विक्रीला काढते. दुपारचे प्रयोग प्रामुख्याने बुधवारी, गुरुवारी आणि शनिवारी असतात, आणि मधल्या वारांचे दुपारचे प्रयोग शनिवार रात्रीच्या मानाने बहुधा स्वस्त पडतात.

स्वस्त जागा घेताना दोन शब्द नीट वाचावेत. 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' म्हणजे समोर खांब, कठडा किंवा वरचा सज्जा आडवा येणार. 'अप्पर सर्कल' वा 'बाल्कनी' म्हणजे तिसरा-चौथा मजला, तीव्र उतार आणि पुष्कळ पायऱ्या. जुन्या नाट्यगृहांत उद्वाहन सर्वत्र पोहोचत नाही. ज्या काळात ही नाट्यगृहे बांधली गेली, त्या काळी वरच्या स्वस्त सज्जातील प्रेक्षकांना मुख्य दारातून प्रवेशच नव्हता. गल्लीतले वेगळे दार आणि वेगळा जिना त्यांच्यासाठी असे. ती दारे कित्येक ठिकाणी अजून दिसतात. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना नेताना खालच्या 'स्टॉल्स'मधील जागाच घ्यावी आणि बचत दुसरीकडे करावी.

जत्रेतील नाटक नऊचे म्हणून अकराला सुरू झालेले पाहण्याची सवय इथे मोडावी लागते. साडेसात म्हणजे साडेसात. उशिरा येणाऱ्याला दार बंद होऊन योग्य विराम येईपर्यंत बाहेरच थांबवतात, आणि काही प्रयोगांत तो विराम थेट मध्यंतराचा असतो. मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचे. त्यात बटाटेवडा नाही. लहान डब्यातले आइस्क्रीम मिळते आणि त्याचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा झाकणातच दडलेला असतो. पेयांची मागणी प्रयोगापूर्वी नोंदवली तर मध्यंतरात नावासह तयार ठेवलेली सापडतात. पोशाखाचे बंधन नाही.

नाटकाआधीचे ताट

नाट्यवस्तीला लागूनच सोहो आणि जेरार्ड स्ट्रीटची चिनी वस्ती आहे. इथली अनेक उपाहारगृहे साधारण पाच ते सातच्या दरम्यान नाटकाला जाणाऱ्यांसाठी दोन किंवा तीन पदार्थांचे ठरावीक किमतीचे जेवण देतात. तेच जेवण आठ वाजता बरेच महाग पडते. बसताना 'नाटक साडेसातला आहे' एवढे सांगितले की वाढपी वेळ सांभाळतात. नळाचे पाणी मागितल्यास फुकट मिळते. मागितले नाही तर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात. बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क बहुधा आधीच मिळवलेले असते. त्यावर वेगळी बक्षिसी द्यायची गरज नाही, आणि सेवा असमाधानकारक असल्यास ते वजा करून घेण्याचा हक्क ग्राहकाला असतो.

शाकाहारी पदार्थांपुढे सर्वत्र खूण असते. तरीही काही नावे फसवतात. 'मिन्स पाय'मध्ये आज मांस नसते, सुकामेवा असतो; मात्र पारंपरिक कृतीत गोमांसाची चरबी पडते. 'ब्लॅक पुडिंग' हे गोड नसून रक्त घातलेले सॉसेज असते. मासे-बटाटे हा तर राष्ट्रीय पदार्थ. तळलेला मासा इंग्लंडला पोर्तुगाल-स्पेनमधून छळामुळे परागंदा झालेल्या ज्यूंनी दिला असे मानले जाते, आणि वरून शिंपडले जाणारे व्हिनेगर गोव्याच्या जिभेला परके वाटत नाही. मात्र काही जुनी दुकाने आजही गोमांसाच्या चरबीत तळतात. ज्यांना ते चालत नाही, त्यांनी तळण कशाचे आहे हे विचारावे. विचारण्यात कोणी वावगे मानत नाही.

दिवसा खाण्यासाठी ग्लोबपासून दहा मिनिटांवर असलेला बरो मार्केट हा उत्तम पर्याय. या भागातील बाजाराची परंपरा अनेक शतकांची. आजच्या जागेवर तो १७५६ पासून आहे. पूर्वी घाऊक भाजीचा असलेला हा बाजार आता चीज, पाव, मासे आणि तयार पदार्थांच्या गाळ्यांनी भरलेला असतो. सोमवारी तो बंद असतो. शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. मंगळवार ते गुरुवारची सकाळ बरी. साउथ लँबेथ रोडवर पोर्तुगीज वस्ती आहे. तिथल्या बेकऱ्यांतील 'पास्तेल द नाता' आणि चोरिसो पाहून पणजीकराला वाट चुकल्यासारखे वाटावे.

भारतीय जेवणाचाही इथे मोठा इतिहास आहे. पाटण्याचे शेख दीन मोहम्मद यांनी १८१० मध्ये पोर्टमन स्क्वेअरजवळ 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढले. दोन वर्षांत त्यांचे दिवाळे वाजले, पण भारतीय मालकाचे ते लंडनमधील पहिले भारतीय उपाहारगृह ठरले. रीजंट स्ट्रीटवरील 'वीरास्वामी' १९२६ चे. युस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरी आणि डोशाची साधी, स्वस्त ठिकाणे आहेत, तर हौन्स्लोमध्ये वडापावही मिळतो. पाचव्या दिवशी त्याची आठवण येतेच.

बाजार

लंडनच्या खरेदीबाबत आपल्याकडे एक जुनी समजूत अजून चालते, की विमानतळावर पावत्या दाखवल्या की मूल्यवर्धित कराचे वीस टक्के परत मिळतात. १ जानेवारी २०२१ पासून ही सवलत इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये बंद झाली आहे. दुकानातून वस्तू थेट परदेशी पत्त्यावर पाठवून घेतली तरच कर टळतो, आणि त्या पाठवणीचा खर्च व इथली आयात शुल्के लक्षात घेता किरकोळ खरेदीत काही हाती लागत नाही. पॅरिस किंवा लिस्बनलाही जाणार असाल तर महाग वस्तू तिकडे घेणे शहाणपणाचे. युरोपीय संघात परताव्याची सोय चालू आहे. इंग्लंडमध्ये पुस्तकांवर आणि लहान मुलांच्या कपड्यांवर मुळात करच शून्य आहे. खरेदीची यादी करताना हे दोन शब्द वर लिहावेत.

पाहण्यासाठी म्हणून काही दुकाने अवश्य पाहावीत. पिकॅडिलीवरील फोर्टनम अँड मेसन १७०७ चे. चहाचा एक लहान डबा एवढीच तिथली परवडणारी खरेदी. जवळच १८१९ ची बर्लिंग्टन आर्केड आहे, जिथे शिट्टी वाजवायला आजही मनाई आहे. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील सेल्फ्रिजेस १९०९ मध्ये उघडले. ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरील 'लिबर्टी' १८७५ मध्ये पौर्वात्य रेशीम आणि कलावस्तू विकत सुरू झाले. त्याची काळ्या-पांढऱ्या लाकडी दर्शनी भागाची इमारत शेकडो वर्षांची वाटते. प्रत्यक्षात ती १९२० च्या दशकातली आहे आणि तिला मोडीत निघालेल्या दोन युद्धनौकांचे लाकूड वापरले आहे. त्यांतल्या एकीचे नाव 'हिंदुस्तान' होते.

नाट्यप्रेमींचा बाजार मात्र चेरिंग क्रॉस रोडवर. १९०३ मध्ये सुरू झालेले 'फॉइल्स' तिथे आहे आणि पलीकडच्या सेसिल कोर्ट या गल्लीत जुनी पुस्तके, नकाशे, नाटकांच्या जाहिराती मिळतात. वॉटर्लू पुलाखाली नदीकाठी जुन्या पुस्तकांची मेजे मांडलेली असतात. नव्या नाटकांच्या संहिता नॅशनल थिएटरच्या दुकानात आणि रॉयल कोर्टमध्ये घ्याव्यात. गोव्यातील नाट्यस्पर्धांसाठी संहिता शोधणाऱ्या मंडळांना ही खरेदी कपड्यांपेक्षा उपयोगी पडेल. रूपांतराचे हक्क वेगळे मागावे लागतात, एवढे ध्यानात असावे.

रूपांतराचा विषय निघाला की पावले कॉव्हेंट गार्डनच्या चौकाकडे वळतात. तिथल्या सेंट पॉल्स चर्चच्या खांबांखाली, पावसाने कोंडलेल्या गर्दीत, बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मधील फुलवाली पहिल्यांदा भेटते. लंडनमध्ये हे नाटक १९१४ मध्ये आले. त्यावरूनच पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' १९७५ मध्ये मराठीत अवतरली. इनिगो जोन्स यांनी बांधलेले हे चर्च 'नटांचे चर्च' म्हणून ओळखले जाते. आतल्या भिंतींवर चार्ली चॅप्लिन, व्हिव्हियन ली यांच्या स्मृतिफलकांची रांग आहे. चौकाकडचे भव्य दार खोटे आहे. आत जायचे तर मागच्या बाजूने, बागेतून जावे लागते. समोर फळे-भाज्यांचा घाऊक बाजार १९७४ पर्यंत होता. आता तिथे दुकाने आणि रस्त्यावरचे खेळ करणारे कलावंत आहेत.

रविवार आणि नाताळ

आठवड्याची आखणी करताना रविवार जपून ठेवावा. बरीच नाट्यगृहे त्या दिवशी बंद असतात आणि १९९४ च्या कायद्यानुसार मोठ्या दुकानांना सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत फक्त सहा तास व्यवहार करता येतो. तो दिवस साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला द्यावा. प्रवेश विनामूल्य, आणि नाटकाचे पोशाख, नेपथ्याच्या प्रतिकृती, जुन्या जाहिराती यांची स्वतंत्र दालने आहेत. लंडनमधील महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून कार्यरत आहे. त्याच्या कार्यक्रमांची चौकशी आधी केल्यास एखादा मराठी प्रयोगही पदरात पडू शकतो.

बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. बँकेचे कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड टेकवावे लागते, आणि एका भाड्यात तासाभरात कितीही बस बदलता येतात. रात्री साडेदहाला नाटक सुटल्यावर साउथॉल वा वेम्बलीला परतायला गाड्या असतात; स्विंडनला जाणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ तिकीट काढण्यापूर्वी पाहावी. नाताळात लंडन सजलेले असते म्हणून अनेक जण त्याच आठवड्यात जातात. २५ डिसेंबरला मात्र शहरातील भुयारी रेल्वे आणि बस दोन्ही पूर्ण बंद असतात, जवळजवळ सर्व दुकाने मिटलेली असतात आणि त्या दिवशीचे जेवण आदल्या संध्याकाळीच घरात आणून ठेवावे लागते.